उल्का बघायला कुठली दुर्बीण घ्यावी? एका सोलापूरकराचं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला कळेल. विचारणारे जुळे सोलापूरला राहतात. ऑगस्टमध्ये पेपरात वाचलं की तासाला शंभर उल्का दिसणार, म्हणून दोन्ही पोरांना घेऊन रात्री दहा ते साडेअकरा गच्चीवर बसले, अर्धं आभाळ ढगाळ, दीड तासात एकच उल्का दिसली ती पण आडवी लांबलचक गेली, पोरं वैतागून खाली टीव्हीकडं पळाली. तर आता पंधरा हजारापर्यंत कुठली दुर्बीण घ्यावी म्हणजे उल्का नीट दिसतील, आणि सोलापूरजवळ कुठं जावं.

सरळ उत्तर पहिल्यांदा देऊन टाकतो. उल्का बघायला दुर्बीण घेऊ नका. साधी नको, महागाची तर अजिबात नको. दुर्बिणीतून एका वेळी आभाळाचा केवढा तुकडा दिसतो, तर पौर्णिमेच्या चंद्राएवढा, फार तर दोन-तीन चंद्र मावतील एवढा. उल्का आभाळात कुठंही उमटते आणि सेकंदाच्या आत विझते, तुम्ही नळीला डोळा लावून बसला असाल त्या तुकड्यातनंच ती जाईल ही आशा म्हणजे लॉटरीच. उघड्या डोळ्यांनी मात्र उताणं पडल्यावर जवळजवळ अर्धं आभाळ नजरेत येतं, त्यामुळं या कामाला देवानं दिलेलं यंत्रच सगळ्यात भारी आहे आणि ते फुकट आहे. दुर्बीण लागते ती ग्रहांना, त्याचं खाली लिहितो कारण तुमचे पंधरा हजार तिकडं सत्कारणी लागतील.

पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न दुर्बिणीचा नाहीच. तुमचा खरा प्रश्न असा आहे की पेपरात शंभर आणि माझ्या गच्चीवर एक, हे कसं काय, माझं काही चुकलं का. तर तुमचं नशीब वाईट नव्हतं आणि डोळे पण वाईट नाहीत. त्या वेळी त्या जागेवरून जेवढी दिसायला पाहिजे तेवढीच दिसली. हिशोब करून दाखवतो, कारण हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुन्हा कुठल्याच उल्कावर्षावाला निराश होणार नाही.

तो शंभरचा आकडा खोटा नसतो, पण त्याला अटी असतात आणि बातमीत अटी छापत नाहीत. अट पहिली, वर्षावाचा उगमबिंदू, म्हणजे सगळ्या उल्का जिथून फुटल्यासारख्या वाटतात ती जागा, बरोबर डोक्यावर पाहिजे. अट दुसरी, आभाळ इतकं काळं पाहिजे की साडेसहा प्रतीपर्यंतचे मंद तारे दिसावेत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद). अट तिसरी, ढग नाहीत, चंद्र नाही, आडवं काही नाही. या तिन्ही एकदम जुळल्या तर तासाला शंभर. आता तुमची रात्र बघा. ऑगस्टचा वर्षाव ययाती तारकासमूहातून येतो, तो समूह बराच उत्तरेला आहे, आणि सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. १२-१३ ऑगस्टच्या सुमाराला आपल्याकडं हा उगमबिंदू ईशान्येला रात्री दहाच्या पुढंमागं क्षितिजावर येतो. म्हणजे तुम्ही सतरंजी टाकली तेव्हा तो नुकता उगवत होता, अकराला तो जेमतेम सहा अंश वर. सहा अंश म्हणजे हात लांब करून तीन-चार बोटं आडवी धरा तेवढंच. उगमबिंदू एवढा खाली असला की शंभराचे थेट दहा होतात. वर शहराचा उजेड. जुळे सोलापुरातून धड चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसले तरी मी खूश होईन, आणि दर एका प्रतीमागं या वर्षावातल्या उल्का निम्म्याहून कमी होत जातात. म्हणजे दहाचे राहिले एक-दीड. त्यात अर्धं आभाळ ढगात. आता सांगा, दीड तासात एक दिसली यात कमी काय पडलं.

आणि जी दिसली ना, ती भारीच होती. तुम्ही लिहिलंय आडवी लांबलचक गेली, ते वाचून मला जरा हेवाच वाटला. उगमबिंदू क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा उल्का वातावरणात खोल न घुसता वरच्या थराला घासत जाते, त्यामुळं ती कमी दिसते पण दिसली की आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढते. पहाटे डझनभर दिसल्या तरी तसली एखादी मिळेलच असं नाही. पोरांना हे सांगा.

मग पेपरातला आकडा कधी खरा व्हायचा? ऑगस्टमध्येच बघायचं असेल तर पहाटे. चारला ययाती चाळीस-पंचेचाळीस अंश वर आलेला असतो. शिवाय मध्यरात्रीनंतर उल्का वाढतात याला अजून एक कारण आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटरनं धावतेय, आणि पहाटे आपण तिच्या धावण्याच्या बाजूला असतो. पावसात मोटारसायकल चालवली की छाती भिजते आणि पाठ बऱ्यापैकी कोरडी राहते, तसंच. संध्याकाळी आपण पाठीच्या बाजूला, पहाटे छातीच्या.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. ऑगस्टचं मी सोलापुरात कुणाला वचन देत नाही. आपण पर्जन्यछायेत आहोत म्हणून कोकण-पुण्यापेक्षा बरं, ऑगस्टात पावसानं ओढ दिली तर रात्री तासदोन तास आभाळ फाटतं आणि धुतलेलं असल्यामुळं फार सुंदर दिसतं, पण ते कधी फाटेल ते सांगता येत नाही. माझा तर सल्ला असा की सोलापूरच्या माणसानं ऑगस्ट हा बोनस धरावा आणि वर्षाचा मुख्य सण डिसेंबरला करावा. १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला वर्षाव, जेमिनिड्स म्हणतात तो. हा आपल्यासाठीच केलाय असं वाटावं इतका जमून येतो. आभाळ बहुतेक वेळा कोरडं (बंगालच्या उपसागरात एखादं वादळ उठलं तर ढग येतात, तेवढा धोका धरायचा). आणि मुख्य म्हणजे उगमबिंदू पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपाशी, तो रात्री साडेसात-आठलाच ईशान्येला उगवतो, दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर म्हणजे ७५ अंशाला जातो. पोरांना पहाटे उठवायची भानगड नाही, नऊ-साडेनऊपासून बघायला मिळतं. ऑगस्टच्या उल्का सेकंदाला ५९ किलोमीटरनं येतात, "ती बघ" म्हणेपर्यंत संपलेल्या असतात. डिसेंबरच्या ३५ किलोमीटरनं, म्हणून जरा निवांत जातात, पोराला मान वळवायला वेळ मिळतो. पोरं हसतात यावर पण हा फरक खरंच डोळ्याला जाणवतो.

यांच्यामागची गोष्ट पण वेगळी आहे. बहुतेक वर्षाव धूमकेतूंनी मागं टाकलेल्या धुळीचे. ऑगस्टचा स्विफ्ट-टटल नावाच्या धूमकेतूचा, तो १३३ वर्षांनी एकदा येतो. मे आणि ऑक्टोबरचे दोन्ही वर्षाव हॅलेच्या धूमकेतूचे. पण डिसेंबरच्या उल्का येतात फेथॉन नावाच्या एका लघुग्रहाकडून, जो १९८३ साली सापडला, दीड वर्षाच्या आतच सूर्याला फेरी मारतो आणि बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जाऊन येतो. दगडासारखा दिसणारा हा गडी इतकी धूळ कशी काय सोडतो यावर शास्त्रज्ञांचं अजून खल चाललंय. आपल्याला दिसते ती त्यातली वाळूच्या कणाएवढी किंवा हरभऱ्याएवढी चीज, शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर जळून जाते, खाली काही पडत नाही. गच्चीवरच्या सोलर पॅनेलची काळजी करू नका, हे विचारणारे पण भेटतात.

बरं, हिशोब इथं पण लावू. जेमिनिड्सचा कागदावरचा आकडा तासाला दीडशे. शहराच्या गच्चीवरून, आडोसा करून, दिवे डोळ्यात न येता बघितलं तर मध्यरात्रीनंतर दहा-पंधरा. गावाबाहेर चांगल्या अंधारात चाळीस-पन्नास. संध्याकाळी नऊला याच्या निम्म्याहून कमी. त्यातही त्या सारख्या अंतरानं येत नाहीत, दहा मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम तीन. माणसं नेमकी त्या रिकाम्या दहा मिनिटांत उठून जातात.

चंद्राचं बघायला कुठलं ॲप नको, भिंतीवरचं कालनिर्णय बघा. शुद्ध पक्षात चंद्र संध्याकाळी असतो आणि रात्री मावळतो, शुद्ध अष्टमीचा साधारण मध्यरात्री. वद्य पक्षात उशिरा उगवतो आणि पहाट खराब करतो. पौर्णिमेच्या आगंमागं चार दिवस विसरून जा. २०२६ च्या १३-१४ डिसेंबरला चंद्र चतुर्थी-पंचमीचा आहे, कोवळा, रात्री दहाच्या आसपास मावळून जाईल आणि पुढची सगळी रात्र तुमची. २०२७ ला मात्र वर्षाव ऐन पौर्णिमेला येतोय, दत्त जयंतीच्या सुमाराला, मग फक्त ठळक ठळक उल्का दिसतील. म्हणून म्हणतो यंदाची सोडू नका. १३ ला रविवार आहे, सोमवारी शाळा, ते घरात तुमचं तुम्ही मिटवा.

आता कुठं जायचं. लोकांना एखादा "स्पॉट" हवा असतो पण स्पॉटपेक्षा दिशा महत्त्वाची. शहराचा उजेड पाठीशी पाहिजे आणि बघायची बाजू काळी पाहिजे. डिसेंबरला बघायचंय ईशान्य, पूर्व आणि डोक्यावर, म्हणून शहराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला निघा, तुळजापूर रोड, बार्शी रोड, अक्कलकोट रोड, पंचवीस-तीस किलोमीटर गेलं आणि मेन रोड सोडून दोन-तीन किलोमीटर आत शिरलं की आभाळ बदलतं. अक्कलकोट रोडला एमआयडीसी पूर्ण मागं पडली पाहिजे. होटगीच्या बाजूला कारखान्यांचे दिवे फार, तिकडं नको. हायवेच्या धाब्यांजवळ बसून काही उपयोग नाही, दर मिनिटाला एक हेडलाईट डोळ्यात येतो. दक्षिणेचं आभाळ बघायचं असेल, अगस्ती वगैरे, तर भीमा-सीनेच्या संगमाकडं हत्तरसंग कुडलच्या बाजूची शेतं चांगली. नान्नजचं माळरान लोक हमखास सुचवतात, उघडं आणि काळं आहे हे खरं, पण अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही, ते माळढोकाचं आणि लांडग्यांचं घर आहे, आणि वनखात्यानं हटकलं तर त्यांचं बरोबरच असतंय.

सगळ्यात उत्तम म्हणजे ओळखीच्या कुणाचं तरी शेत. पाहुण्यारावळ्यांत एक तरी सापडतंच. पण जाण्याआधी शेतमालकालाच नाही तर शेजारच्या वस्तीला पण फोन करून ठेवा. रात्रीच्या लायटीवर पाणी द्यायला शेतकरी जागे असतात, मोटारी आणि केबल चोरीला जातात म्हणून सगळे सावध असतात, आणि अंधारात चार अनोळखी माणसं लाईट बंद करून पडलेली दिसली तर कुणालाही शंका येणारच. त्या हिरव्या लेझरनं तारे दाखवायची हौस असेल तर ती गावाकडं आवरा, लगेच ड्रोनची अफवा उठते. दुसरं, डिसेंबरात गाळप चालू असतं. उसाच्या डबल ट्रॉल्या मागं लाल दिवा नसताना रस्त्याला उभ्या असतात, रात्री दोनला पेंगत गाडी चालवत परत येऊ नका, सरळ तिथंच झोपा आणि उजाडल्यावर निघा. साखर कारखान्याच्या जवळपास तर बसूच नका, दिवे आणि धूर दोन्ही. आणि हुरड्याचा मोह. हुरडा, शेंगाचटणी, गूळ, सगळं करा, मी कोण नको म्हणणारा, पण ते आठ वाजेपर्यंत आटपा आणि आगटी विझवा. आगटीकडं बघत बघत उल्का दिसत नाहीत. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एक सेकंद मोबाईल उघडला की ते सगळं परत पहिल्यापासून. पोरांच्या हातात लाल जिलेटीन पेपर गुंडाळलेला छोटा टॉर्च द्या, मोबाईल गाडीत ठेवा, तुमचा पण.

जागा किती काळी आहे हे कृत्तिकांवरून बघा. डिसेंबरात संध्याकाळी त्या वर येतात, छोटा झुपका. त्यात सहा तारे सुटे मोजता आले तर आभाळ चालतंय, सव्वाचार प्रतीपर्यंत तरी दिसतंय. सात-आठ मोजले तर झकास. नुसता पुसट डाग दिसला तर अजून थोडं पुढं जा. गच्चीवरून आधी मोजून ठेवा आणि शेतात गेल्यावर परत मोजा, पोरांना हा खेळ आवडतो आणि मोठ्यांना कळतं की आपण रोज किती तारे गमावतोय.

बसायचं नाही, झोपायचं. खुर्चीत मान अवघडते आणि माणूस अर्ध्या तासात उठतो. खाली ताडपत्री, वर सतरंजी, अंगावर चादर, आणि सोलापुरात राहून चादर मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. थंडी दिवसा कळत नाही पण न हालता पडलं की बाराच्या पुढं हाडात शिरते, दवानं पांघरूण ओलं होतं, म्हणून एकाऐवजी दोन घ्या आणि कानटोप्या. नजर उगमबिंदूवर रोखून धरू नका. तिथल्या उल्का आखूड दिसतात कारण त्या आपल्याच दिशेनं येत असतात. त्याच्यापासून चाळीस-पन्नास अंश बाजूला, जिकडं आभाळ सगळ्यात काळं तिकडं बघा, तिथं लांब रेघा दिसतात. आणि मोजत बसायचंच असेल तर प्रत्येक रेघ मनातल्या मनात मागं वाढवून बघा, पुनर्वसूकडं पोचली तर ती या वर्षावाची, नाही पोचली तर अशीच भटकी. भटक्या उल्का वर्षभर रोज रात्री तासाला थोड्याफार पडतच असतात.

इथपर्यंतचं थोडक्यात: उल्का म्हणजे अंधार, वेळ आणि पाठ टेकायला जागा, यंत्र काही नको. ग्रहांचं बरोबर उलटं आहे. ग्रह इतके तेजस्वी असतात की शहराचा उजेड त्यांना काही करत नाही, सात रस्त्यावर उभं राहून पण गुरू दिसतो. म्हणजे उल्का शेतातून आणि ग्रह गच्चीवरून. लोक दोन्ही एकाच रात्री, एकाच जागी, एकाच दुर्बिणीतून उरकायला जातात आणि दोन्हीतली मजा घालवतात.

मजा पण दोन तऱ्हेची आहे. उल्का बघताना "आत्ता काय होईल" ही मजा. ग्रहांची मजा सावकाश, रोज दहा मिनिटांची. गुरू एक दिवस बघितला तर एक ठिपका. महिनाभर बघितला तर तो शेजारच्या ताऱ्यांतून सरकताना दिसतो, आणि दहा बाय पन्नासच्या (म्हणजे दहा पट मोठं दाखवणाऱ्या, पन्नास मिलिमीटर भिंगाच्या) बायनाक्युलरमधून बघितला तर त्याच्या बाजूला रेषेत तीन-चार बारीक ठिपके, ते त्याचे चंद्र. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये हेच बघितलं आणि त्याच्या हातातलं यंत्र आजच्या चांगल्या बायनाक्युलरपेक्षा बरंच वाईट होतं. या चारांतला सगळ्यात आतला आयो पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, सगळ्यात बाहेरचा कॅलिस्टो साधारण सतराव्या दिवशी. पोरांना एक वही द्या, रोज रात्री मध्ये एक गोल आणि बाजूला जिथं दिसतील तिथं ठिपके काढायला लावा, तारीख-वेळ टाकायला लावा. पंधरा दिवसांनी ती वही चाळली की पोराला स्वतःला कळतं की हे फिरताहेत. हे मी शाळेतल्या पोरांबरोबर बऱ्याचदा केलंय आणि फळ्यावर आकृती काढून जे होत नाही ते या वहीनं होतं.

म्हणून पंधरा हजारांचं माझं मत असं. आधी एक बरा दहा बाय पन्नासचा बायनाक्युलर घ्या, बजेटच्या निम्म्याच्या आत बसतो. त्यातून गुरूचे चंद्र, आपल्या चंद्राची विवरं, कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला धुरकट तेजोमेघ हे सगळं दिसतं. हात थरथरतो, म्हणून पाण्याच्या टाकीला टेकवून किंवा कठड्यावर कोपर ठेवून बघा. शनीची कडी मात्र यातून दिसत नाहीत, त्याला दुर्बीणच पाहिजे, साठ-सत्तर मिलिमीटर भिंगाची आणि पंचवीस-तीस पट मोठं करणारी का असेना. आणि दुकानात खोक्यावर "५२५ पट" लिहिलेली दिसेल ती उचलू नका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये किती, त्याच्या दुप्पट पटींपलीकडं कुठलीच दुर्बीण कामाची राहत नाही, साठ मिलिमीटरला एकशेवीस म्हणजे डोक्यावरून पाणी. पुढं नुसता मोठा झालेला धुरकट गोळा. त्यात तो ॲल्युमिनियमचा काटकुळा स्टँड, हात लावला की ग्रह उडी मारून बाहेर. दुर्बीण घ्यायचीच तर थोडे पैसे साठवून सहा इंची आरशाची, लाकडी पेटीवर बसणारी डॉब्सोनियन घ्या. ती तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल, म्हणूनच म्हणतो घाई नको.

ग्रहांच्या बाबतीत सोलापूरचा एक खास त्रास आहे तो पण सांगतो. ग्रहांना अंधार लागत नाही, हवा स्थिर लागते. एप्रिल-मेमध्ये आपला स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत वाफ सोडत राहतो, दुर्बिणीतून गुरू उकळल्यासारखा दिसतो. मग लोक म्हणतात दुर्बीण खराब. दुर्बीण खराब नसते, गच्ची गरम असते. उन्हाळ्यात पहाटे बघा, किंवा गच्चीवर संध्याकाळी पाणी मारून ठेवा (नळाला पाणी आलं असलं तर). ग्रह डोक्यावर आलेला असताना बघा, पत्र्याच्या छपरांवरून आणि एसीच्या मशीनवरून बघू नका. पण त्याच उन्हाळ्याचा एक फायदा आहे. मेच्या ५-६ तारखेला पहाटे साडेतीन ते पाच पूर्वेला कुंभ राशीतून हॅलेच्या धुळीच्या उल्का पडतात, आणि त्या दिवसांत अर्धं सोलापूर गच्चीवरच झोपलेलं असतं. हा वर्षाव युरोपपेक्षा आपल्याकडं चांगला दिसतो कारण आपण दक्षिणेला आहोत. गच्चीवर झोपताच आहात तर चारचा गजर लावून नुसते डोळे उघडा.

२०२६ च्या डिसेंबरात मात्र मी वर म्हटलेलं बाजूला ठेवून एकाच रात्री दोन्ही जमवता येईल, कारण ग्रहच तसे उभे आहेत. संध्याकाळी सात-साडेसातला शनी मीन राशीत, डोक्याच्या जरा दक्षिणेला. त्याची कडी २०२५ च्या मार्चमध्ये अगदी कडेनं आली होती, दिसेनाशी झाली होती, आता हळूहळू परत उघडताहेत. मग साडेदहा-अकराला पूर्वेला सिंह राशीत गुरू वर येईल, मघा ताऱ्याच्या जवळ, आणि पाठोपाठ तांबूस मंगळ. मंगळ पेटताना दिसेल, दर आठवड्याला जास्त ठळक. पहाटे साडेतीन-चारनंतर शुक्र उगवेल, तो ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणजे उल्का थांबल्या तर बघायला काहीतरी आहेच, बायनाक्युलर फक्त त्या वेळी हातात घ्या आणि परत खाली ठेवा.

त्यापुढं फेब्रुवारी २०२७ ला गुरू आणि मंगळ दोघंही नऊ-दहा दिवसांच्या अंतरानं प्रतियुतीला, म्हणजे आभाळात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येताहेत, गुरू १० च्या आसपास, मंगळ १९ ला. सूर्य मावळला की दोघं उगवतात आणि रात्रभर असतात. मंगळाबद्दल एक खरं सांगतो, या वेळचा मंगळ लांबचा आहे, दहा कोटी किलोमीटरच्या आसपास, २००३ ला तो साडेपाच कोटींवर आला होता. त्यामुळं "मंगळ चंद्राएवढा दिसणार" असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड येईल तो डिलीट करा. उघड्या डोळ्यांनी मात्र तो त्या दिवसांत मघाच्या आसपास रोज थोडा थोडा उलटा सरकताना दिसेल, पंचांगवाले वक्री म्हणतात तो हाच. वहीत मघा आणि सिंह राशीतले दोन-तीन तारे काढून ठेवा आणि दर चार दिवसांनी मंगळाचा ठिपका टाका. ती वही एप्रिलपर्यंत भरली आणि पोरांची हौस टिकली तर मग सहा इंचीचा विषय काढा, तेव्हा परत विचारा, कुठली घ्यायची ते सविस्तर सांगतो. नाही टिकली तर बायनाक्युलर क्रिकेटच्या मॅचला आणि हिप्परग्याच्या तळ्यावरचे पक्षी बघायला उपयोगी पडतोच.